कागदोपत्री शेतकरी

शुक्रवारी दुपारी सुमेधाला कळलं की आपण शेतकरी आहोत.

तोपर्यंत ती स्वतःला टेस्टर समजत होती. नेदरलँड्समधली एक कंपनी दाताच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि त्यात चुका कुठे राहिल्या आहेत ते सुमेधा केदारखेड्यातल्या माडीवर बसून शोधते. दोन वर्षं झाली. तिकडचे लोक दात दाखवायला कधी जातात आणि कधी टाळतात, हे तिला भोकरदन तालुक्यातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ठाऊक आहे. पगार दर महिन्याला बँकेत रुपये होऊन येतो.

शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं. जानेवारीपासून बाहेरच्या देशांतल्या सगळ्यांचे करार नवे होणार. त्यासाठी प्रत्येकाने गेल्या वर्षीच्या आयकर रिटर्नची प्रत पाच तारखेपर्यंत द्यावी. कंपनीने दिलेले पैसे आणि रिटर्नमधलं उत्पन्न जुळलं नाही तर करार पुढे चालू ठेवता येणार नाही, कृपया समजून घ्यावं. तिकडची माणसं नोकरी काढून घेतानाही कृपया म्हणतात.

रिटर्न सूरजदादाने भरलं होतं. सूरज हा तिच्या मोठ्या चुलत्याचा, सर्जेरावांचा मुलगा; जाफराबादला त्याचं सेवा केंद्र आहे. जुलैत त्याने चार पानं व्हॉट्सॅपवर पाठवली आणि वर लिहिलं, ‘टॅक्स शून्य. पेढे आण.’ सुमेधाने उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पानं न उघडता पेढे आणले. पप्पा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. कागद दिसला की तिला दवाखान्याचं बिल आठवायचं.

आता तिने ती पानं उघडली. पगार शून्य. व्यवसाय शून्य. शेतीचं उत्पन्न सतरा लाख अडतीस हजार. कर शून्य. सुमेधाने उभ्या आयुष्यात एकदाच कापूस वेचला होता, सहावीत, आणि बोट फाडून घेऊन तासाभरात घरी आली होती. तिला आधी कंपनी दिसली, मग पोलीस दिसले, मग आई दिसली.

तिने जालन्याच्या अर्पिता मॅडमना फोन लावला. मैत्रिणीची बहीण, सीए.

“तुमचं उत्पन्न लपलेलं नाहीये, चुकीच्या रकान्यात पडलंय,” मॅडम म्हणाल्या. “एकतीस डिसेंबरपर्यंत सुधारित रिटर्न भरता येतं. तुमच्यासारख्या कामात निम्म्यावरच कर धरायची सोय आहे. व्याजासकट बेचाळीस हजारांच्या आसपास बसेल.”

“एवढाच? दादा म्हणाला होता चार लाख लागले असते.”

“नाही लागत. पण एकतीस उलटली तर गोष्ट वेगळी. मग चूक झाली होती, असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही. पासवर्ड आहे?”

“दादाकडे.”

“रिटर्नवर मोबाईल कुणाचा? ईमेल?”

“दोन्ही दादाचे.”

“बरं. आधारला कुठला नंबर जोडलाय? शेवटी त्यावर कोड येईल.”

“पप्पांचा.”

“मग त्यांना जवळ बसवून घ्या.”

“पप्पा गेले, मॅडम. मागच्या डिसेंबरात.”

नंबर मात्र चालू होता. गॅस, वीज, पीकविमा, घरातली सगळी आधार कार्डं, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं. फोन वाजला की नंदाबाई, म्हणजे सुमेधाची आई, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. म्हणून सर्जेरावांनी, सुमेधाच्या मोठेबाबांनी, ते सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं आणि ते न चुकता रिचार्ज करत. म्हणजे सुमेधाची नोकरी आता मोठ्याबाबांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. तिने शनिवारीच कर भरून टाकला, मॅडमनी नवं रिटर्न तयार करून ठेवलं आणि रविवारी सगळे एकत्र यायचेच होते.

*

रविवारी पप्पांचं, म्हणजे अण्णासाहेब गुरुजींचं, पहिलं पुण्यानुमोदन होतं. अंगणात पांढरा मांडव, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, शेजारी गुरुजींचा फोटो. गुरुजींनी शिकवलेली माणसं पार जालन्याहून आली होती. वंदना झाली, पंचशील झालं, बुंदी आणि वांग्याच्या भाजीवर पंगती उठल्या. तीनच्या सुमारास पाहुणे पांगले आणि मांडवात घरचेच राहिले.

सूरज भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालत होता. गुरुजींच्या आजारपणात आणि आता वर्षश्राद्धाऐवजी होणारा हा कार्यक्रम नीट पार पाडण्यात त्याने रात्रीचा दिवस केला होता, आणि सकाळपासून त्याचं कशात लक्ष नव्हतं. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणायच्या वेळी, त्याचा आवाज आपोआप खाली गेला होता. शेजारी बसलेल्या बायकोने, अक्षताने, त्याच्याकडे बघितलंही होतं.

“दादा,” सुमेधा म्हणाली, “माझं रिटर्न बदलायचंय. बुधवारपर्यंत, एकतीस तारीख हाये.”

सूरजच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. “काऊन? काय झालं त्याला?”

“त्यात मी शेतकरी हाये.”

“मंग? शेतकऱ्याच्या घरची न्हाईस का तू?”

परतूरहून आलेल्या गोजरआत्या खांबाला टेकून सुपारी कातरत होत्या. सर्जेरावांच्या पाठची आणि गुरुजींच्या आधीची ही बहीण. त्यांना हसू आलं. “हिला शेतकरी केलं? आरं, हिला गाय कोणती आन् गोऱ्हा कोणता ते तरी कळतं का?”

“आत्या, तुम्ही थांबा. दादा, कंपनी पाच तारखेला कागद मागून राह्यली. त्यांचे पैसे माझ्या कागदावर न्हाईत. मला काढून टाकतेन.”

सूरजने खुर्ची ठेवली. त्याला राग आला आणि त्या रागाच्या खाली भीती होती. आयकराचा एकच कायदा त्याला पाठ होता: शेतीला टॅक्स नाही. जाफराबादला गाळा घेतला तेव्हापासून कर्जासाठी रिटर्न पाहिजे म्हणून माणसं यायची आणि तो प्रत्येकाचा सातबारा बघून सगळं उत्पन्न शेतीत टाकायचा. किराणावाला, ट्यूशनवाला, जीपवाला. शहागडला हायवेवर त्याच्या सासऱ्यांचे दोन ट्रक होते. कागदावर त्यांची मोसंबीची बाग होती. लोकांकडे ईमेल नसायचा म्हणून आपलाच द्यायचा, नंबरही आपलाच. असे सदतीस जण. एकाचंही वाईट त्याच्या मनात नव्हतं. सुमेधाचे पैसे परदेशातून येतात तर तिकडेच काय ते कापून येत असेल, असं त्याने धरलं होतं. काकाची पोरगी आहे, पैसे वाचले पाहिजेत, एवढंच.

“हे बघ सुमे,” तो म्हणाला, “इथं सगळ्याइचं मी असंच करतो. आजलोक कुणी विचारलं न्हाई. तू उगं हात लावशीन तर मधमाश्या उठतेन. त्या कंपनीला दुसरा काही कागद दे.”

“कुणी विचारलं न्हाई?”

“कुणीच न्हाई.”

“विचारलंय,” अक्षता म्हणाली.

ती सहा महिन्यांच्या लेकीला, मैत्रीला, मांडीवर थोपटत बसली होती. आवाज चढवून ती कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्यांनी वळून बघितलं. “अठरा तारखेला मेल आला. केंद्रावर मीच उघडला. सुमेधाताईच्या नावानं हाये. शेतीचं उत्पन्न तपासा, चुकलं असंल तर एकतीसच्या आत दुरुस्त करा, असं लिहिलंय. मी यांना दाखवला. हे म्हणले, बघतो.”

“अक्षता!” सूरज ओरडला. मैत्री दचकून रडायला लागली.

“दहा दिवस झाले,” अक्षता पोरीला खांद्यावर घेत म्हणाली. “यांना जेवण जाईना. मी कुणाला सांगू?”

सुमेधाने मनात दिवस मोजले. दहा दिवस. ह्या दहा दिवसांत सूरज तीनदा मांडवाचं बघायला येऊन गेला होता. तिच्या हातचा चहा पिऊन गेला होता.

“दादा, मला न्हाई सांगितलं?”

“काय सांगू?” सूरज मटकन खुर्चीत बसला. “एकच हाये का? तुह्या कागदाला हात लावला की ते विचारतेन, हे भरलं कुणी? नंबर माहा, ईमेल माहा. त्याच नंबरावर सदतीस निघतेन. गाळ्याला कुलूप लागंन. ह्या दोघींना घेऊन मी जाऊ कुठं?”

*

सर्जेरावांनी पटक्याने तोंड पुसलं. बायको, चांगुणाबाई, गेल्यापासून पोराशी त्यांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. पण पोराच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांचा जीव खालीवर झाला.

“रस्ता काय हाये ते सांग,” ते म्हणाले.

सूरजने नाक ओढलं. रस्ता त्याने दहा दिवसांत शोधून ठेवला होता. “हाये रस्ता. ते इचारतेन, एवढं पिकलं काय? अद्रक दाखवू. आपलं सहा एकर हाये. काकाच्या वाटच्या तीन एकरात अद्रक लावलं व्हतं, सुमेधानं केलं, असं लिहून द्यायचं. अद्रकाचे होतेत एवढे पैसे. भोकरदनचा एक आडत्या पावत्या द्यायला तयार हाये. बाबाची सही लागन, काकूची लागन. कंपनीला म्हणायचं, आमच्या इकडं अशीच पद्धत हाये.”

“कव्हा लावलं व्हतं अद्रक?” गोजरआत्यांनी विचारलं. “मला चहापुरतं बी दिलं न्हाई कुणी.”

“आत्या!”

“न्हाई, मी आपलं इचारलं.”

“मी करतो सही,” सर्जेराव म्हणाले.

सुमेधा उठून उभी राहिली. “मोठेबाबा, खोट्या पावत्या? उद्या ते शेत बघायला आले तर? आता चूक झाली म्हणता येतं. सही केल्यावर म्हणता येणार न्हाई. बेचाळीस हजार लागत व्हते, ते मी भरून बी टाकले. आता फक्त कोड पाहिजे. पप्पांच्या नंबरवर येईन.”

“पैसे भरले?” सूरज म्हणाला. “आम्हाला न इचारता?”

“तू मला इचारलं व्हतं का?”

“सुमे, बस खाली,” नंदाबाई म्हणाल्या.

पांढऱ्या साडीत त्या सकाळपासून माणसांना हात जोडून दमल्या होत्या. सुमेधाला वाटलं, आई आता आपल्या बाजूने बोलेल.

“बस म्हणलं ना. सूरज म्हणतो तसं कर.”

“आई!”

“काय आई? कुणामुळं झाला आजचा कार्यक्रम? तुह्या पप्पाला जालन्याला न्यायला रात्री जीप कुणी काढली? तिरडीला खांदा कुणी दिला? त्या हॉलंडवाल्यांनी का त्या टॅक्सवाल्यांनी? ते न्हाई येत मयताला. हे येतेत.” त्यांनी सूरजकडे हात केला. “दोघी बायका उरलो आपण. भावकीशी वैर घेऊन राहायचं कसं? नोकरी दुसरी मिळंन.”

हे बोलताना नंदाबाईंना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी त्या बोलल्या. वर्षभर त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. सुमेधा आज ना उद्या लग्न करून जाईल आणि मग ह्या घराला सर्जेरावांच्या घराशिवाय कुणी नसेल. सूरजने काकू म्हणून हाक मारणं बंद केलं तर दिवसभरात हाक मारणारं कोण? सुमेधा पलीकडे तोंड करून उभी होती. तिची मान ताठ होती, आणि नंदाबाईंना माहीत होतं की पोरगी रडते तेव्हाच अशी उभी राहते.

सूरजला धीर आला. “काकू, तुम्हाला काही होणार न्हाई. मी सगळं बराबर लिहून आणतो. लावणी मागच्या जूनची. काढलं कव्हा म्हणायचं? ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तव्हा भाव बी बरा व्हता. तीन महिन्यांच्या पावत्या झाल्या की जुळतंय.”

“कोणते महिने?” नंदाबाईंनी विचारलं.

“मागच्या सालचे. ऑक्टोबर ते डिसेंबर.”

नंदाबाईंनी पदर नीट केला.

“सूरज, त्या महिन्यांत आपण कुठं व्हतो?”

सूरजला आधी प्रश्न कळला नाही.

“जालन्याच्या दवाखान्यात व्हतो. दुसऱ्या मजल्यावर. वॉर्डात नर्स लॅपटॉप उघडू देत नव्हती, म्हणून ही जिन्यात बसायची. एक वाजता बसायची ते रात्री साडेनऊला उठायची. माणसं हिच्या अंगावरून ये-जा करायची. मी भाकरी नेऊन द्यायचे तर एका हातानं खायची आन् दुसऱ्यानं टकटक करायची. तुझा काका मला इचारायचा, पोरगी जेवली का. मी म्हणायचे, जेवली. मंग म्हणायचा, काम झालं का तिचं. शेवटच्या दिवशी बी इचारलं.” त्या थांबल्या नाहीत. “ते काम केल्याचे पैसे हायेत ते. त्याच पैशानं औषधं आणली मी खालच्या मेडिकलमधून. आन् मी सही करू, की तव्हा माही पोरगी वावरात अद्रक काढत व्हती?”

“काकू, नुसता कागद हाये…”

“कागदच हाये. तिनं तिथं बसून काम केलं, एवढं लिहिलेला दुसरा कुठं कागद हाये का? मी न्हाई करणार सही. तुम्हाला राग आला तर येऊ द्या. माझ्याकडं जेवायला येऊ नका. पण सही करणार न्हाई.”

गोजरआत्यांनी अडकित्ता मिटला. “झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “माही बस पाचची हाये, पण आता ती सहाची बघावी लागन.”

*

सुमेधा माडीवर जाऊन लॅपटॉप घेऊन आली. तिने अर्पिता मॅडमना फोन लावला, स्पीकरवर टाकला. मॅडम मुलाच्या वाढदिवसात होत्या, पण बाजूला गेल्या.

“मॅडम, ज्याने भरलं त्याला काही होईल का?”

“तुम्ही तुमचं उत्पन्न दुरुस्त करताय. त्यात दुसऱ्याचं नाव घालायचा रकानाच नाही. आणि त्यांच्याकडे असे आणखी असतील तर त्यांनाही बुधवारपर्यंतच मुभा आहे, सांगा. मी सोमवारी ऑफिसात आहे. घेऊन येऊ देत.”

सूरज मान खाली घालून ऐकत होता.

“पासवर्ड?” मॅडमनी विचारलं.

अक्षता म्हणाली, “मैत्री, ॲटचं चिन्ह, एक दोन तीन.” आणि नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “सगळ्याइचा तोच हाये.”

“सगळ्यांचा?” मॅडम म्हणाल्या. “बाप रे.”

पान उघडलं. सुमेधाने सगळं दोनदा वाचलं. ह्या वेळी तिने एकेक ओळ वाचली. शेतीच्या रकान्यात शून्य, व्यवसायाच्या रकान्यात तिच्या त्या वर्षाच्या कामाचे पैसे. तिने बटण दाबलं. गुरुजींच्या नंबरवर कोड गेला. पानावर पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं फिरायला लागलं.

सर्जेरावांच्या खिशात फोन थरथरला.

त्यांनी तो बाहेर काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. वर्षभर हा फोन त्यांनी छातीशी वागवला होता. अजूनही आठवड्यातून एखादा फोन यायचा, “गुरुजी हायेत का?” आणि ते म्हणायचे, “मी त्याचा भाऊ बोलून राह्यलो.” असं बोललं की भाऊ अजून कुठेतरी जवळपास आहे असं वाटायचं. ह्याच भावासाठी त्यांनी चौथीतून शाळा सोडून ढोरं वळली होती. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. आज वाटत होतं ते वेगळं. एका हातात भावाची पोरगी होती आणि दुसऱ्या हातात आपलं पोर. दोघंही आपलीच. कोड दिला तर सूरज तोंड बघणार नाही. नाही दिला तर नंदा.

“बाबा,” सूरज म्हणाला, “देऊ नका. एक दिवस थांबा. उद्या आडत्याशी बोलून बघतो. एकच दिवस.”

“तेरा मिनिटं राहिले,” सुमेधा म्हणाली. “मोठेबाबा, गेला तर परत मागवता येतो. उद्या बी मागवीन, परवा बी मागवीन. बुधवारपर्यंत मागवीन. पण तुम्हीच द्यावा लागन.”

“तुला दादाचं काही वाटत न्हाई का?” सर्जेरावांनी विचारलं. त्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“वाटतं,” सुमेधा म्हणाली आणि आता मात्र तिला रडू आवरलं नाही. “लई वाटतं. मी न वाचता अंगठा पाठवला, ते माहं चुकलं. त्याला एकट्याला मी बोलत न्हाई. पण मोठेबाबा, तुम्ही रोज त्या जिन्यातून जायचे. तुम्ही बघितलंय मला.”

सर्जेरावांनी बघितलं होतं. पाण्याची बाटली घेऊन चढता-उतरताना ते तिच्याजवळून जायचे. वॉर्डातल्या एका माणसाने विचारलं होतं, ही पोरगी इथं काय करती? आणि दवाखान्यात, भाऊ मरणाच्या दारात असताना, त्यांनी छाती काढून सांगितलं होतं, पुतणी हाये माही, हॉलंडचं काम करती.

ते उठले. सुमेधाने हात पुढे केला. पण सर्जेराव तिच्याकडे गेले नाहीत. ते सूरजपाशी गेले आणि फोन त्याच्यापुढे धरला.

“वाच.”

“मी?”

“तूच भरलं, तूच वाच. मला वाचता येतं, पण मी वाचणार न्हाई. मी वाचलं तर जन्मभर म्हणशीन, बापानं माहा गळा कापला.”

“बाबा, मी जर न्हाई वाचलं तर?”

“तर न्हाई वाचलं. मंग सुमेधाला सांग, की मी तुझी नोकरी घालवली. तिच्याकडं बघून सांग.”

सूरजने फोन घेतला. त्याच्या बोटांचा घाम काचेवर लागला, त्याने तो पांढऱ्या सदऱ्याला पुसला. एवढ्याशा पडद्यावर सहा आकडे होते. ते पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं, आणि तो विचार त्याच्या मनात येऊन गेला हे त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसलं. नंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“चार,” सूरज म्हणाला.

सुमेधाने चार दाबला.

“शून्य. सात.” तो थांबला. मांडवाबाहेर खुर्च्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला होता आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. सूरजने एकदा बायकोकडे बघितलं. अक्षताने मान हलवली नाही, काही खूण केली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

“सात… दोन… नऊ.”

पान थोडा वेळ फिरलं आणि हिरवं झालं. “झालं,” फोनवर अर्पिता मॅडम म्हणाल्या. “पावती उतरवून घ्या आणि कंपनीला पाठवा. सुटलात.” पलीकडे मुलं ओरडत होती. मॅडमनी फोन ठेवला.

सुटल्यासारखं कुणाला वाटलं नाही. सुमेधा पडद्याकडे बघत बसली. नंदाबाई उठल्या, काय करावं न कळून त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि सगळ्यांत आधी सूरजच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, पण तो प्यायला नाही.

“सदतीसचे छत्तीस राहिले,” तो म्हणाला. “तीन दिवस हायेत. लोक मारतेन मला.”

“मी येते केंद्रावर,” सुमेधा म्हणाली. “उद्या सुट्टी टाकते. कागद मी बघते. बोलावं मात्र तुलाच लागन.”

“काय बोलू?”

अक्षताने झोपलेली मैत्री गोजरआत्यांच्या मांडीवर दिली, आपला फोन काढला आणि शहागडचा नंबर लावला. “पप्पा, जय भीम. हो, झाला कार्यक्रम. हे बोलतेत तुमच्याशी.” आणि तिने फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

सूरजने तो धरला. तिकडून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता आणि सासरे मोठ्यानं विचारत होते, काय जावईबापू, बोला की. सूरजने तांब्या खाली ठेवला, घसा साफ केला.

“मामा,” तो म्हणाला, “तुमचं रिटर्न मी खोटं भरलंय.”

हे वाक्य त्याला अजून पस्तीस वेळा बोलायचं होतं.